तालुक्याच्या हायस्कूलात वर्षभर असतं तरी काय?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून सातवी झाली, आता आठवीला तालुक्याच्या हायस्कूलला घालायची, अंतर बारा किलोमीटर, जाणं-येणं एसटीनं. घरचे म्हणतात जिल्ह्याला मावशीकडे ठेवा, तिकडच्या शाळांत ॲक्टिव्हिटी असतात, इथं काय नुसतं पुस्तक. आणि तुमची भीती उलटीच, की इथं असलंच काही तर त्यात अभ्यास बुडेल. मी अशाच एका शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यातली सोळा-सतरा वर्षं सांस्कृतिक विभाग माझ्याच गळ्यात होता, शेवटची चार पर्यवेक्षिका होते. त्यामुळे जे बघितलंय ते सांगते.

इथं भरपूर असतं. फक्त कुणी घरी येऊन सांगत नाही. नोटीस येते, शिपाईमामा वही घेऊन वर्गावर फिरतात, सर एकदा वाचून दाखवतात, अर्धी पोरं खिडकीबाहेर बघत असतात, झालं, संपली ती संधी वर्षापुरती. शहरातल्या शाळेत पालकांच्या ग्रुपवर चार वेळा आठवण येते, आणि तिथं त्या एका जागेसाठी वर्गातली वीस पोरं रांगेत असतात हेही आहे. आमच्याकडे उलटं, जागा रिकाम्या आणि पोरं घरी. खो-खोचा संघ पुरा करायला मी एकदा वर्गावर जाऊन अक्षरशः हात धरून मुली आणल्यात, त्यातली एक पुढं विभागापर्यंत खेळली. तिला जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत कुणी हात धरून नेलं असतं का, मला नाही वाटत.

आता वर्ष कसं जातं ते. शाळा जूनच्या मध्याला उघडते (विदर्भात ऊन असतं म्हणून तिकडं उशिरा). पहिले पंधरा दिवस पुस्तकं, गणवेश, वर्गाच्या तुकड्या, आणि २१ जूनला योग दिन, ज्यात पोरं चिखलात सतरंजी टाकून वज्रासन करतात. मग आषाढीची दिंडी, एखादी मुलगी रुक्मिणी होते, कुणाचा तरी लहान भाऊ विठोबा म्हणून धरून आणतात. हे सगळं गोड आहे पण याच्यात फार गुंतू नका, जून-जुलैत तुमचं खरं काम वेगळं आहे. ते म्हणजे कागद.

जनरल रजिस्टरला (शाळेची प्रवेशाची नोंदवही) मुलीचं नाव, आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख काय लागलीय ते स्वतः ऑफिसात जाऊन बघा आणि आधार कार्डाशी ताडून घ्या. याला ॲक्टिव्हिटीशी काय संबंध म्हणाल, तर सगळाच संबंध आहे. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटात होतात, तिथं पहिली तपासणी जन्मतारखेची. आमची एक मुलगी, कबड्डीत चढाईला एक नंबर, तालुक्याच्या मैदानावर बूट-मोजे घालून तयार, आणि आधारवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. पंचांनी बसवलं तिला. अख्खा दिवस मैदानाच्या कडेला बसून तिनं बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. चूक कुणाची तर आमचीच, जूनमध्ये बघायला हवं होतं ते आम्ही ऑगस्टमध्ये बघितलं. शिवाय पुढं दहावीचा बोर्डाचा फॉर्म याच नोंदीवरून भरला जातो आणि शाळा सुटल्यावर ती दुरुस्त करायला घाम फुटतो. दुसरा कागद बँकेचं पासबुक, मुलीच्या स्वतःच्या नावाचं. ते कशाला लागतं ते पुढं येईल.

जुलै ते ऑक्टोबर खेळाचा सीझन. लोकांना वाटतं खेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला क्रीडासप्ताह, पोत्यात पाय घालून पळणं आणि संगीत खुर्ची. ते घरातलं झालं. खऱ्या स्पर्धा पावसात असतात, तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, कुस्ती. मैदानावर फक्की मारायची, तासाभरात पाऊस येऊन ती वाहून जायची, परत मारायची. ज्या मुलीनं जूनच्या शेवटी सरांना नाव दिलं नाही तिचा विषय पुढच्या जूनपर्यंत मिटला. खेळाचे दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पण कोणत्या स्तराला किती हा नियम मधून मधून बदलत असतो, म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका, क्रीडाशिक्षकांना त्या वर्षीचं परिपत्रकच दाखवायला सांगा.

आणि इथंच ती मुख्य गोष्ट येते, जिच्यावर मला खरं तर सगळं उत्तर लिहायचं होतं. आपल्याकडे पोरीचं शाळेतलं वर्ष मुख्याध्यापकांपेक्षा एसटी जास्त ठरवते. शाळा सुटते पाचला, गाडी पाच वीसची, त्यानंतरची थेट मुक्कामी गाडी आठची. मग प्रॅक्टिस कधी करायची? शाळा सुटल्यावर तालुक्याच्या गावातलीच पोरं थांबणार, आणि दरवर्षी संघात, नाटकात, लेझमीत तीच ती गावातली पोरं दिसणार, आणि आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये बसून म्हणणार की खेड्यावरच्या मुलींना इंटरेस्टच नसतो. मीही म्हटलंय हे, पाच-सहा वर्षं म्हणत होते. एकदा एका मुलीनं सरळ विचारलं, मॅडम इंटरेस्ट आहे पण पाच वीसची गेली तर मला घरी कोण नेणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही काय केलं, तर प्रॅक्टिस सकाळी घेतली. सकाळची गाडी सव्वानऊला येते, शाळा पावणेअकराला भरते, मधला दीड तास पोरी नाहीतरी स्टँडवर नाहीतर व्हरांड्यात बसून काढायच्या. त्या वेळात खो-खो सुरू केला. दोन वर्षांत संघातल्या बारापैकी आठ मुली बाहेरगावच्या. कुणी जादा मेहनत घेतली नाही, फक्त वेळ सरकवली. तुमच्या शाळेत हे नसेल तर तुम्हीच सुचवा, शिक्षकांना बऱ्याचदा गाड्यांच्या वेळाच माहीत नसतात कारण ते मोटारसायकलवर येतात.

शनिवारचंही बघून ठेवा. बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात, साडेसातच्या, आणि सव्वानऊची गाडी तिथं काहीच कामाची नाही. कवायत, स्काऊट-गाइड, चित्रकलेचा जादा तास असलं सगळं बरोबर शनिवारी ठेवलेलं असतं! यावर उपाय म्हणजे अर्ज. शाळेच्या लेटरहेडवर पत्र, सोबत तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव, आणि किती विद्यार्थी त्या गाडीला आहेत त्यांची यादी पासच्या नंबरसह, हे घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटायचं. नुसतं तोंडी सांगून काही होत नाही, यादी बघितली की ते विचार करतात कारण त्यांनाही गाडी भरलेली दाखवायची असते. आमच्या एका मार्गाला अशी शनिवारची गाडी सुरू झाली, दुसऱ्या मार्गाला तीन अर्ज करूनही नाही झाली, तिथं मग चार पालकांनी मिळून जीप लावली. पासाचं म्हणाल तर मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटी मोफत आहे, त्याचा खर्च नाही. आणि तुमचा तालुका मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठीच्या त्या निळ्या गाड्या असतात, शाळेत चौकशी करा.

बरं, पुढं. ऑगस्ट म्हणजे भाषणांचा महिना. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती. वीस मुलं भाषणाला उभी राहतात आणि अठरा जण शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात, सुरुवात ठरलेली, अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो. एका वर्षी आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले, म्हणजे एकाच दिवशी एक जण गेला आणि एक जण आला, मी आज दोघांबद्दल बोलणार आहे. मला इतकी वर्षं दोन्ही तारखा पाठ होत्या पण वर्ष एकच आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला कुणी लिहून दिलं नव्हतं, तिनं ग्रंथालयातलं पुस्तक वाचलं होतं. सांगायचा मुद्दा, भाषण लिहून देऊ नका. यूट्यूबवरचं तर अजिबात नको, परीक्षकाला पहिल्या वाक्यात कळतं.

१५ ऑगस्टला प्रभातफेरी आणि लेझीम, ५ सप्टेंबरला शिक्षकदिन. शिक्षकदिनाला दहावीच्या मुली साड्या नेसून शिकवायला येतात, कुणी मुख्याध्यापिका, कुणी शिपाई, आणि दुपारपर्यंत त्यांना समजतं की सातवी ब गप्प बसत नाही म्हणजे काय. माझ्या मते वर्षातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा दिवस.

आता चित्रकला. याच्याबद्दल पालकांना काहीच माहीत नसतं म्हणून जरा थांबते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, साधारण सप्टेंबरच्या शेवटी. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम, आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट असं केलं की दहावीचं वर्ष मोकळं. ज्या मुलीला चित्र जमत नाही असं घरचे म्हणतात तिनंसुद्धा बसावं, कारण भूमिती आणि अक्षरलेखनात हात स्वच्छ असला की निम्मी लढाई जिंकली, तिथं प्रतिभा लागत नाही, पट्टी आणि धारदार पेन्सिल लागते. फक्त फॉर्मची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येऊन जाते. आणि तुमच्या शाळेत कलाशिक्षकाची जागा रिकामी असेल (आजकाल बऱ्याच ठिकाणी आहे) तर जवळच्या कोणत्या शाळेत केंद्र आहे ते विचारा.

आठवीचं दुसरं महत्त्वाचं म्हणजे एनएमएमएस, केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. ही फक्त आठवीतच देता येते, म्हणजे तुमच्या मुलीला याच वर्षी, परत संधी नाही. साधारण डिसेंबरमध्ये परीक्षा, बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० थेट मुलीच्या खात्यात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. जिल्ह्याच्या ज्या इंग्रजी शाळेचं तुमच्या घरात बोलणं चाललंय ती विनाअनुदानित असेल तर तिथं हा फॉर्मच भरता येणार नाही, हे घरच्यांना सांगा. पासबुक म्हणाले ते यासाठी. आणि निवड झाल्यावर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरून पैसे थांबलेल्या मुली मी बघितल्यात.

पासबुक अजून एका ठिकाणी लागतं, इन्स्पायर मानकला, म्हणजे मुलांच्या विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेला. शाळेनं पाच कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली तर मॉडेल करायला १०,००० रुपये मुलाच्या खात्यात. आता विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी काय येतं तर सिरिंजचा जेसीबी, पवनचक्की आणि सोड्याचा ज्वालामुखी, मी रिटायर होईपर्यंत तोच जेसीबी बघितला, बहुतेक एकाच घरातली भावंडं वापरत असावीत. आमच्या शाळेतून निवड झाली ती कशाची, तर एका मुलानं कांद्याच्या चाळीत खालचा कांदा सडतो तो बाहेरून कसा कळेल यावर काहीतरी जुगाड केला होता. घरातली अडचण होती ती. तुमच्या मुलीला घरात, रानात काय अडतं ते विचारा, पुस्तकातलं मॉडेल शोधू नका.

ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळीची सुट्टी, आणि परत आल्यावर सहलीचे वारे. सहलीला शिक्षण विभागाची परवानगी लागते, पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते म्हणून गाडी लालपरीच. इथं माझी एक फजिती सांगते. मी दोन गाड्या भरून पोरं घेऊन अजिंठ्याला गेले, रात्रभर प्रवास, सकाळी गेटवर, तर लेणी बंद. सोमवार होता. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे इतिहासाच्या बाईला माहीत नव्हतं, लिहा! पोरांची तोंडं बघवेनात. ड्रायव्हरकाका शहाणे, म्हणाले बाई वेरूळ आज उघडं आहे, चला. शंभरेक किलोमीटर परत उलटं गेलो, दुपार झाली, आणि कैलास लेण्यासमोर नव्वद पोरं एकदम गप्प उभी राहिली. हे वरून खाली कोरत आणलंय असं मी वर्गात दहा वर्षं सांगत होते, तिथं उभं राहिल्यावर एक पोरगा म्हणाला, मॅडम म्हणजे आधी कळस केला? हो रे बाबा, आधी कळस. मुलीला सहलीला पाठवा. पैशाची अडचण असेल तर वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन सांगा, प्रत्येक शाळेत एक-दोन शिक्षक असतात जे गाजावाजा न करता भरतात. आणि सोबत महिला शिक्षिका किती आहेत ते बिनधास्त विचारा. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण कोण आहे तेही विचारून ठेवा, सहल असो की उशिराची प्रॅक्टिस.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे गॅदरिंग, आणि अभ्यास बुडण्याची तुमची भीती खरी असेल तर ती या पंधरा दिवसांपुरती. खोटं सांगत नाही, बुडतो. ऑफ तास, पीटीचा तास, मग चित्रकलेचा, मग हळूच भूगोलाचा तास डान्सला जातो. मला स्वतःला ते रेकॉर्ड डान्स फारसे आवडत नाहीत, भाड्याचे ड्रेस आणायचे, पाच मिनिटं नाचायचं आणि ड्रेसचे पैसे गरिबाच्या घरातून जायचे. पण नाटक, नाट्यछटा, पोवाडा, भारूड, निवेदन यात मुलगी जात असेल तर जाऊ द्या. निवेदन तर मुद्दाम मागून घ्यायला सांगा, कुणाला नको असतं ते काम, आणि माइक हातात घेऊन लाइट गेलेली वीस मिनिटं जी मुलगी हजार माणसांना धरून ठेवते तिला पुढं कुठल्याच इंटरव्ह्यूची भीती वाटत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, तिथं निवेदनाची तालीम होऊन जाते. गॅदरिंगच्या रात्री मात्र कार्यक्रम संपायला दहा वाजतात, मुक्कामी गाडी केव्हाच गेलेली, तेव्हा गावातल्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी राहायची सोय आधीच बोलून ठेवा. आयत्या वेळी कुणाच्याही टू-व्हीलरवर पाठवू नका.

२६ जानेवारी झाला की वर्ष उतरणीला लागलं समजा. पूर्वी दहावीची लेखी मार्चमध्ये असायची, आता अलीकडं ओढलीय, २०२५ ला २१ फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे निरोप समारंभ, सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं सगळं एकमेकांच्या अंगावर येतं. फेब्रुवारीत २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन येतात पण शाळेत तोपर्यंत बोर्डाचं केंद्र बसलेलं असतं, आठवी-नववीला अर्धा दिवस किंवा सुट्टी. हे दिवस घरी वाया जातात, तेवढं बघा. एप्रिलमध्ये वार्षिक, संपलं.

अभ्यास बुडतो का याचं माझं निरीक्षण असं की आठवी-नववीत जी मुलगी एका खेळात किंवा एका कलेत असते तिचा अभ्यास सहसा बुडत नाही, बुडतो तो सगळ्यात थोडं थोडं असणाऱ्या मुलीचा. शिक्षकांनाही सवय असते, एक हुशार पोरगी दिसली की भाषण तिलाच, डान्स तिलाच, रांगोळी तिलाच, शाळेत पाहुणे आले की चहा तिनंच द्यायचा. तेव्हा आठवीत काय काय आहे ते सगळं चाखू द्या, नववीत दोन ठेवा, दहावीत एक. आणि चहाचं काम आलं तर सरळ नाही म्हणायला शिकवा, माझ्या नावावर खपवा.

मावशीकडे पाठवायचं की नाही हे तुमचं घर ठरवेल. मी असते तर दोन वर्षं इथंच ठेवलं असतं, एवढंच म्हणेन. ॲडमिशनला जाल त्या दिवशी दोन कामं जास्तीची करा. एक, ऑफिसच्या बाहेरचा नोटीस बोर्ड बघा, त्यावर गेल्या वर्षीचेच कागद पिवळे पडलेले असतील तर त्या शाळेत नोटीस मुलीनं वहीत उतरवून आणायची सवय तुम्हालाच लावावी लागेल. दुसरं, संध्याकाळी थांबा आणि मुलीबरोबर त्याच गाडीनं परत या. स्टँडवरच्या फलकावर पाच वीस लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ती कधी पाच दहालाच निघते, कधी पावणेसहा करते, ते वाहकालाच विचारून ठेवा.